दोन की एक

प्रिय खडूस,

या पत्राच्या आगेमागे तुझ्या प्रयोगशाळेत एक खोका पोचेल. लाकडी आहे, आत भरपूर कापूस आहे, आणि वर माझ्या नवऱ्याच्या अक्षरात 'काच' असं तीन बाजूंनी लिहिलेलं आहे. चौथ्या बाजूला लिहायचं तो विसरला. पत्र आधी आलं तर उत्तम. खोका आधी आला असेल तर तो तसाच टेबलावर ठेव आणि आधी हे शेवटपर्यंत वाच. 'अमुक करू नकोस' म्हटलं की तुझे हात शिवशिवतात हे मला ठाऊक आहे, म्हणून ही विनंती समज.

इतक्या वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही आणि तूही मला नाही, यात रुसवाफुगवा होताच, पण त्याहून जास्त सोय होती. मधे तुझी आई होती. दर रविवारी मी काकूंकडे जायचे, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचे, आणि त्या तुझी खबर मला सांगायच्या. मी निघाले की फोनवर माझी खबर तुला. वाटेत थोडीफार भर पडायचीच. तू नवा सूक्ष्मदर्शक घेतलास, तो काकूंच्या तोंडून माझ्यापर्यंत येईतो पलंगाएवढा झाला होता. मला मुख्य केलं तेव्हा तू म्हणे विचारलंस, "तिला संचालक केलं? मग काम कोण करतं?" काकूंनी हे मला डोळे पुसत, हसत हसत सांगितलं. मी संचालक झालेच नव्हते, नुसती विभागप्रमुख झाले होते. ते दुरुस्त करायचं राहिलं ते राहिलंच. आता करते.

काकू गेल्या आणि तो रस्ता बंद झाला. रविवारी मी अजूनही त्या वेळेला चपला घालते आणि दारापर्यंत जाऊन परत येते. नवरा निवृत्त झाला हे तुला कळलं असेलच. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आता शिकवायला कुणी नाही म्हणून मला शिकवतो. परवा त्याने मला धुण्याच्या यंत्राचं माहितीपत्रक समजावून सांगितलं, प्रश्नोत्तरांसकट. लेक दुसऱ्या शहरात आहे, सुट्टीत नातीला आमच्याकडे सोडते. नात चार वर्षांची आहे आणि हाताला लागेल त्या वस्तूवर रंगीत चिकटचित्रं चिकटवते. फ्रीजवर बदकं आहेत, माझ्या चष्म्याच्या डबीवर होडी आहे. माझी मान सूक्ष्मदर्शकामुळे पार कामातून गेली आहे. तुझीही गेली असणार. काकू म्हणायच्या, तिकडून तूही तेच रडगाणं गातेस.

कामाचं सांगायचं तर या महिन्याच्या अखेरीला मला एका कागदावर सही करायची आहे. सही केली की आमचं औषध पहिल्यांदा माणसांना द्यायला सुरुवात होईल. नाही केली तर ते पुन्हा काही वर्षं फ्रीजमध्ये जाऊन बसेल, आणि मी निवृत्त झाल्यावर त्याला कुणी बाहेर काढेल असं वाटत नाही. ज्या विषाणूवर मी जन्म घालवला तो तुला माहीतच आहे. लहान मुलांना घोगरा खोकला देतो आणि आठवड्याभरात निघून जातो, म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. पण ज्यांची अस्थिमज्जा बदललेली असते, ज्यांच्या अंगात लढायला काही उरलेलंच नसतं, त्यांच्या फुप्फुसात तो शिरला की डॉक्टरांच्याही हातात फार काही राहत नाही. अशा रोग्यांच्या वॉर्डात एक डॉक्टर आहे, आपल्या लेकींच्या वयाची. ती मला दर सोमवारी फोन करते. औषध कधी येणार, हे ती एकदाही विचारत नाही. फक्त खिडकीजवळच्या पलंगावर आता कोण आहे ते सांगते, आणि त्याने आज काय खाल्लं ते. मध्यंतरी तिथे एक बसचालक होता. त्याला भाताची पेज आवडायची नाही, त्याला टोस्ट हवा असायचा. मला त्याचा चेहराही माहीत नाही, पण तो टोस्ट खातो की नाही हे माहीत होतं.

काकूंनी एकदा मला सरळ विचारलं होतं, तुम्ही दोघी नक्की भांडलात कशावरून. तुला वाटत असेल मी तुझी निंदा केली असेन. केली, पण आधी शास्त्र सांगितलं. त्यांच्यासमोर गरम सूप होतं, वर तेलाचे दोन थेंब तरंगत होते. मी म्हटलं, हा मोठा थेंब म्हणजे पेशी आणि हा बारका म्हणजे विषाणू. दोघांच्या अंगावर चरबीचं पातळ पांघरूण आहे. नुसते शेजारी आले म्हणून ते एकजीव होत नाहीत, मधे पाण्याचा पदर असतो. कुणीतरी दोघांना नेट लावून ओढायला हवं. ते काम विषाणूच्या अंगावरचे काटे करतात, आणि ते काटे दोन जातींचे असतात. एक पकडणारा. पेशीच्या अंगावर तिच्या स्वतःच्या कामासाठी असलेली एखादी वस्तू तो हुडकतो आणि घट्ट धरतो. आमच्या विषाणूसाठी ती एक साखर आहे. त्या वस्तूला आम्ही रिसेप्टर म्हणतो. पेशीने ती विषाणूसाठी ठेवलेली नसते, पण त्याला त्याचं काय. दुसरा काटा स्प्रिंगचा. घडी घालून, ताण देऊन बसवलेला. पहिल्याने पकडलं की दुसऱ्याला इशारा जातो. तो सुटतो, आपलं टोक पेशीच्या पांघरुणात खुपसतो आणि मग स्वतःच मधे दुमडून दोन्ही पांघरुणं एकमेकांवर ओढून आणतो. दोन थेंबांचा एक थेंब होतो, आणि विषाणूच्या पोटातला ऐवज पेशीच्या पोटात जातो. काकूंनी चमच्याने ते दोन थेंब एक केले, सूप ढवळलं आणि म्हणाल्या, "यात भांडण्यासारखं काय आहे?"

मग मी त्यांना सांगितलं की भांडण त्या इशाऱ्याचं आहे. पहिला काटा दुसऱ्याला सांगतो कसा? तुझं म्हणणं, पहिल्याने दुसऱ्याला सुरुवातीपासून दाबून धरलेलं असतं, जसं उतू जाणाऱ्या भांड्यावर कुणी झाकण दाबून उभं राहावं. रिसेप्टर सापडला की हात उचलला जातो आणि स्प्रिंग आपोआप सुटते. माझं म्हणणं, दाबबीब काही नाही. स्प्रिंग आपली गप बसलेली असते, आणि रिसेप्टर सापडला की पहिला काटा तिला जाऊन ढोसतो. काकू म्हणाल्या, "म्हणजे ती म्हणते सोडलं, तू म्हणतेस ढकललं." मी म्हटलं, हो, एवढंच. त्या म्हणाल्या, सूप निवलं.

पुढे काय निघालं ते जगजाहीर आहे. तुझ्या विषाणूत दाबून धरणं होतं आणि माझ्या विषाणूत ढोसणं. दोघींनी आपापला विषाणू बघून सगळ्या विषाणूंबद्दल निकाल दिला होता. आता पुस्तकात दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी छापतात. तुझी डावीकडे असते, म्हणजे आधी वाचली जाते. हे माझ्या लक्षात आलेलं नाही असं समजू नकोस. आणि एक बोलूनच टाकते. तुझा विषाणू सोपा होता. त्याच्यावर काम करून दाबून धरण्याचा शोध कुणालाही लागला असता.

आपली ती खोली आठवते का तुला? एकच बेसिन, एकच खिडकी आणि उजवं भिंग ढिलं असलेला तो सूक्ष्मदर्शक, ज्याला तू केसाला लावायचं रबर बांधून ठेवलं होतंस. आजारी पडलेली पेशी स्वतःच्या अंगावरही ते काटे उगवते आणि शेजारणीला ओढून घेते, मग ती तिच्या शेजारणीला, आणि अशी एक मोठी ढब्बू पेशी तयार होते, पोटात अनेक केंद्रकं घेऊन. त्या ढब्बू पेशी मोजल्या की स्प्रिंग किती सुटली ते कळतं. मोजायच्या डोळ्यांनी, आणि डोळा लबाड असतो, त्याला हवं तेच बघतो. म्हणून नियम तू काढलास. पेशी वाढवायच्या माझ्या बशा तू मोजायच्या आणि तुझ्या मी, लेबलं झाकून. माझी बशी हरली की तुला आनंद, तुझी हरली की मला. तेव्हाच्या साहेबांना हा पोरखेळ वाटायचा, नवीन आलेली मुलं गोंधळून जायची. "हिच्यात पाच आहेत, चार नाहीत. डोळे धुऊन ये," असं तू भर खोलीत ओरडायचीस, आणि मी रागारागाने खरंच डोळे धुऊन यायचे, आणि पाच असायची. कधीकधी चार असायची, तेव्हाही मी धुऊन यायचे. त्या काळातला आपला एकही आकडा आजवर कुणाला खोडता आलेला नाही.

आणि मग ती परिषद. मला वाटतं तू ती सोयीस्करपणे विसरली असशील, म्हणून आठवण करून देते. माझं भाषण होतं, सभागृह भरलेलं होतं. किती केंद्रकं असली की पेशीला ढब्बू म्हणायचं, यावर मी म्हटलं, तीन. दोन असतील तर ती नुकतीच विभागणारी पेशी असू शकते, किंवा अंगाला अंग लावून बसलेल्या दोन वेगवेगळ्या पेशी असू शकतात. तिसऱ्या रांगेतून तू उठलीस, तो मोहरीच्या रंगाचा भयाण कोट घालून, आणि म्हणालीस, "दोनला तुम्ही मोजत का नाही? आकडा वाढेल अशी भीती वाटते का?" लोक हसले. त्या हसण्याचं मला फार काही वाटलं नाही. तू मला 'तुम्ही' म्हणालीस, ते मात्र लागलं. एका डब्यातून जेवणारी बाई मला चारचौघांत 'तुम्ही' म्हणते. बरं, ते सोड. मुद्दा असा की त्या प्रयोगासाठी तीनच बरोबर होतं. तेव्हाही होतं, आजही आहे. तुला खुसपट काढायची खोड आहे आणि ती तू नेमकी लोकांसमोर काढतेस. त्याच वर्षी तू समुद्रापलीकडे निघून गेलीस. तुझ्या टेबलाच्या जागी त्यांनी एक अपकेंद्री यंत्र आणून ठेवलं. तेही तुझ्यासारखंच किरकिरतं.

औषधाची कल्पना तू असतानाचीच. स्प्रिंग एकदाच सुटते, पुन्हा ताणता येत नाही. मग विषाणू पेशीजवळ पोचायच्या आतच तिला फसवून सोडायला लावली तर? पुढ्यात पेशी नाही, काटा पाण्यातच उलगडतो, आणि विषाणू नुसता पोकळ फिरत राहतो. मी हे पहिल्यांदा बोलले तेव्हा तू म्हणालीस, "रेणू तुझ्यासारखाच आहे, उतावळा." ते नाव त्याला कायमचं चिकटलं. आमच्या बाटल्यांवर अजून 'उतावळा' असंच लिहिलेलं असतं, आणि नव्या मुलांना वाटतं हे काहीतरी शास्त्रीय नाव असेल. तो काम करतो, खडूस. मोकळ्या विषाणूवर तो इतका छान काम करतो की पहिल्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून रडले. फोन उचलला होता तुला करायला. मग ठेवून दिला, आणि रविवारी काकूंना सांगितलं.

आता मेख. स्प्रिंग मोकळ्यावर सुटली तर ठीक. पण विषाणूने पछाडलेली पेशी तिच्या शेजारणीला खेटून असते, आणि तिच्या अंगावर तेच काटे असतात. उतावळ्याने तिथली स्प्रिंग सोडली तर? मग जे काम विषाणू करणार होता तेच आमचं औषध करून देईल, पेशींना एकमेकींत ओढून. आधीच दुखऱ्या फुप्फुसात हे व्हायला नको. म्हणून आम्ही बशा लावल्या, उतावळा घातलेल्या आणि न घातलेल्या. मी मोजल्या. फरक नाही. मोठ्या ढब्बू पेशींत तर अजिबात नाही. फरक असलाच तर तो दोनांमध्ये आहे. दोन केंद्रकं, अगदी जवळ. त्यांच्यामधे पांघरुणाची बारीक तांबडी रेघ आहे की नुसता रंगाचा डाग? दोन पेशी आहेत की एक? पेशी मिसळल्या की उजळतात, त्या उजेडाने मोजायची पद्धतही करून पाहिली, पण एवढ्याशा मिसळण्याचा उजेड मुळातल्या अंधुक उजेडात हरवून जातो. शेवटी डोळ्यावरच येऊन ठेपलं.

आमचे आताचे संचालक साहेब म्हणाले, संगणकाकडून मोजून घ्या, त्याला कुणाची बाजू नसते. घेतलं. त्याचा आकडा माझ्या आकड्याशी तंतोतंत जुळला. साहेबांनी सगळ्यांना कॉफी पाजली. मीही प्यायले, आणि अर्ध्या कपावर माझ्या लक्षात आलं की त्या यंत्राला शिकवलं कुणी. मीच. गेल्या उन्हाळ्यात रोज बसून मी त्याला चित्रं दाखवत होते, ही एक, या दोन, ही एक, या दोन. ते अगदी गुणी पोरासारखं शिकलं. माझा डोळा शिकलं आणि माझा हट्टही शिकलं. माझ्या हाताखालची मुलगी मोजते तीही माझ्यासारखीच, कारण तिलाही मीच शिकवलं. म्हणजे आम्ही तिघांनी मोजलं आणि तिघांचं एकमत झालं असं कागदावर दिसतं, पण मोजलं मी एकटीनेच. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही उगाच स्वतःवर शंका घेता." विभागात सगळे माझ्याशी फार गोड वागतात. माझं चुकलं असं म्हणणारं माणूस मी शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवत नाही.

बशीतल्या पेशी रंगवून ज्यांवर ठेवतो त्या काचांपैकी एक अशी आहे की तिने माझी झोप उडवली आहे. तिच्यावरची एक जोडी सकाळी पाहिली, दोन पेशी वाटल्या. कॉफी पिऊन आले, एक वाटली. जेवून आले, परत दोन. मग मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं, आणि बघायचं सोडलं याचाच मला जास्त धसका बसला. उतावळा घातलेल्या बशांत अशा जोड्या पुष्कळ आहेत. सगळ्या दोन धरल्या तर उतावळा निर्दोष आहे. सगळ्या एक धरल्या तर तो माणसाच्या छातीत घालण्यासारखा नाही. आणि नुसतं थांबून राहणं म्हणजे काही मोठा सोवळेपणा नव्हे. या सोमवारी वॉर्डातल्या डॉक्टरचा फोन आला. खिडकीजवळच्या पलंगावर आता एक शिंपीण आहे, तिला चहात साखर जास्त लागते. बसचालकाबद्दल ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

काकू शेवटच्या महिन्यांत एकदा म्हणाल्या होत्या, "ती इथं होती तेव्हा तू रोज चिडून घरी जायचीस, पण झोपायचीस तरी. आता चिडत नाहीस आणि झोपतही नाहीस." मी विषय बदलला. तू आलीस ती त्या गेल्यावर, दोन दिवसांसाठी. घर नातेवाइकांनी भरलेलं, आणि आपण दोघी काकूंच्या स्वयंपाकघरात उभ्या. मी कप धूत होते, तू पुसत होतीस. चमचे कुठल्या खणात जातात याखेरीज आपण काही बोललो नाही. तू वाळली आहेस असं मला वाटलं. शेवटचा कप पुसताना मात्र तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तेव्हा तुझंच बरोबर होतं. तीनच." इतकी वर्षं मी ते वाक्य ऐकायला टपून होते. मनातल्या मनात त्यावर काय उत्तर द्यायचं तेही घोकून ठेवलं होतं. आणि तू ते म्हणालीस तेव्हा मला आनंद झाला नाही. मला वाटलं, गेली हीसुद्धा. आता हीही माझ्याशी गोड वागणार. त्या दिवशी आई गेली होती ती तुझी, आणि मी मात्र हातातला कप पुन्हा पुन्हा धूत माझ्याच काळजीत होते. माझी तुझ्यावर फार माया आहे, खडूस, आणि तुझ्याविना मला फार एकटं वाटतं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं, राहू दे.

तर आता खोक्याबद्दल. त्यात काचा आहेत, सगळ्या बशांमधल्या. रंगवून पक्क्या केलेल्या आहेत, विषाणू केव्हाच मेलेला आहे, निर्धास्त हाताळ. लेबलं माझ्या नवऱ्याने झाकली, जेवणाच्या टेबलावर बसून, नातीची चिकटचित्रं वापरून. बदक म्हणजे काय आणि होडी म्हणजे काय हे फक्त त्यालाच माहीत आहे, आणि तो मला सांगत नाही. निवृत्तीनंतर इतका खूश मी त्याला पाहिलेला नाही. तू मोज आणि आकडे त्याला कळव, मला नको. दोनला एक म्हणावंसं वाटलं तर एक म्हण. तुझा आकडा येईल त्यावर मी सही करीन किंवा कागद परत पाठवीन. सही माझी असेल, तिचं ओझं तू घेऊ नकोस. तुझ्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे, आणि ती मागायला जीभ रेटेना म्हणून एवढं लांबलचक पत्र लिहिलं. तुझा विषाणू सोपा होता, तुझा कोट भयाण होता, तू खुसपटं काढतेस, तू यंत्रासारखी किरकिरतेस, हे सगळं मी तुला चिडवायलाच लिहिलं आहे. आकृतीचं मात्र खरं आहे. मी चुकावं असं मनापासून वाटणारं माणूस मला या जगात तू एकटीच मिळालीस, आणि कप पुसता पुसता मी तुलाही गमावलं की काय याची मला भीती वाटते. आता तुला राग आला असेल अशी आशा आहे. तशीच रागात ऊठ, चष्मा पूस, खोका उघड. कपाच्या वेळी म्हणालीस ते वाक्य मागे घे, आणि माझ्या बशा मोज.

तुझीच,
उतावळी